लिफाफा क्रमांक एक

बोरटेकच्या ज्या गल्लीत पितांबर जन्मला, जिथे चड्डी सावरत पळायला शिकला, जिथे त्याचं लग्न लागलं आणि जिथून त्याने आई-बापाला खांद्यावरून नेलं, ती गल्ली त्याने पाहिलेली आहे असा सरकारी पुरावा त्याच्याकडे नव्हता. तो मिळवण्यासाठी पितांबर आणि त्याची सून सपना एप्रिलच्या उन्हात तालुक्याच्या बांधकाम कार्यालयात बाकावर बसले होते.

शाखा अभियंता हितेंद्रसाहेब जेवून आले. साहेब वाईट माणूस नव्हते. नियमाबाहेर जाऊन ते कोणाशी वाईट वागत नसत.

"कुठलं काम?" त्यांनी मोबाइलमधून मान न काढता विचारलं.

"बोरटेक, बौद्ध वस्ती. काँक्रीट रस्ता आणि गटार," सपना म्हणाली.

"कॉन्ट्रॅक्टर कोण?" हे त्यांनी पितांबरला विचारलं.

"मी," सपना म्हणाली. "सम्यक कन्स्ट्रक्शन. सिव्हिल डिप्लोमा आहे माझा. नोंदणी माझ्या नावावर आहे."

"बरं," साहेबांनी पितांबरला सांगितलं. "स्थळ पाहणी केली का?"

पितांबरला आधी प्रश्न कळला नाही. कळला तेव्हा तो हसला. "साहेब, आम्ही तठेच ऱ्हातस. गटार मना ओटाजोडून जाई."

"राहणं वेगळं, पाहणी वेगळी." साहेबांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "कंत्राटदाराने आमच्यासोबत जागेवर यायचं, फोटो काढायचा. फोटोवर अक्षांश-रेखांश यायला पाहिजेत. मग आम्ही दाखला देणार, की यांनी जागा पाहिली आणि तिथल्या अडचणी समजून घेतल्या."

"अडचनी माहीत शेतस ना साहेब. मांगला श्रावणमा आम्हनी चूल तरंगत व्हती."

"ते दाखल्यात येत नाही," साहेब म्हणाले. "मशिनरी?"

सपनाने फाइल पुढे केली. मिक्सर स्वतःचं, व्हायब्रेटर स्वतःचा, बिलं जोडलेली. साहेबांनी फाइल उघडली नाही, तिच्यावर फक्त तळहात ठेवला.

"बिलावर भागत नाही, मॅडम. यंत्र अर्जात दिलेल्या ठिकाणी, चालू स्थितीत आणि मोकळं दिसायला पाहिजे. दुसऱ्याच्या कामावर असेल तर तुमच्याकडे आहे असं म्हणता येत नाही. मंगळवारी येतो. दोन्ही एकदमच उरकू. बसा."

ते दोघे उठले.

"साहेब चांगला शे," बाहेर आल्यावर पितांबर म्हणाला.

"कशावरून आबा?"

"आपलाले बठा म्हने."

"आपण बसलेलेच होतो," सपना म्हणाली, आणि पदर डोक्यावर घेऊन बस स्टँडकडे चालू लागली.

टेंडरचे दोन लिफाफे असतात. पहिल्यात तुम्ही कोण आहात ते सांगायचं, दुसऱ्यात काम केवढ्यात करणार ते. पहिल्यात पास झालात तर दुसरा उघडतात. आता सगळं संगणकावर गेल्यामुळे लिफाफा असा राहिलेला नाही, पण उघडणारे हात तेच आहेत. पितांबरच्या आज्यालाही कुठे कामाला गेलं की आधी तू कोण हे सांगावं लागे. तेव्हा त्याला लिफाफा म्हणत नसत.

पितांबर गवंडी. मिसरूड फुटायच्या आधीपासून गवंडी. आजूबाजूच्या गावांतल्या शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, सोसायटीची गोदामं त्याच्या हाताखालून गेलेली होती आणि ती सगळी रतिलालनानांची होती. रतिलालनाना थापीला कधी शिवले नव्हते, पण प्रत्येक कामानंतर अनुभव त्यांना येत असे. शाळा बांधल्याचा अनुभव, टाकी बांधल्याचा अनुभव, सहीशिक्क्यानिशी. पितांबरकडे कामातून उरली ती सिमेंटने खाल्लेली बोटं आणि उजव्या खांद्यातली कळ. त्या गोष्टी अपलोड होत नाहीत.

सपना धुळ्याची, रिक्षावाल्याची मुलगी. पितांबरचा मुलगा प्रशील सेंटरिंगचं काम करायचा. त्याच्याशी लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याने तिला मोटारसायकलवरून फिरवून आपली कामं दाखवली होती, जसं कोणी नव्या सुनेला शेत दाखवतं. तिने सगळं पाहून घेतलं आणि विचारलं, "आबा, यातलं तुमच्या नावावर काय आहे?" पितांबरने बराच वेळ आठवून पाहिलं. गाडी त्याच्या नावावर होती.

मग फर्म निघाली. पार्वताबाईने, म्हणजे पितांबरच्या बायकोने, तिची म्हैस विकली आणि मालेगावहून जुनं मिक्सर आलं. प्रशीलने ते घासून निळं केलं, पेंटरकडून पिवळ्या अक्षरांत 'सम्यक कन्स्ट्रक्शन, बोरटेक' लिहून घेतलं. पहिले काही दिवस वस्तीतले लोक संध्याकाळी मिक्सर बघायला यायचे. म्हातारी तानुबाई तर त्याला हळदीकुंकू नाही तरी निदान फूल वाहून गेली. फर्मने स्वतःच्या नावावर दोन कामं केली होती: अंगणवाडीचं स्वच्छतागृह आणि एका नाल्याची भिंत. अनुभवाची अट तेवढ्यावर जेमतेम बसत होती. सपनाने ती तीनदा वाचून पाहिली होती.

आणि आता हे वस्तीचं काम. मागल्या पावसाळ्यात वरच्या आळीचं सगळं पाणी वस्तीत शिरलं होतं, कारण जुनं गटार ज्याने काढलं त्याने पाण्याला जायला जागा ठेवली नव्हती. ते गटार मात्र पितांबरने बांधलं नव्हतं. ते त्याच्या आजारपणात झालं होतं. हे तो न विचारता सगळ्यांना सांगत असे.

सोमवारी संध्याकाळी रतिलालनानांची पांढरी गाडी वस्तीच्या तोंडाशी थांबली. नाना पितांबरपेक्षा दहा वर्षांनी लहान होते. पितांबर उठून गाडीपाशी गेला. नानांनी काच खाली केली, उतरले नाहीत.

"कसं काय पितांबर? खांदा काय म्हनस?"

"चालनं शे नाना. पानी लेतस का?"

"आतेच पीसन उनू." रतिलालनानांना या वस्तीत कधीच तहान लागत नसे. "तुनी सून टेंडर भरी ऱ्हायनी म्हने?"

"हा नाना. आपली वस्तीनं काम शे म्हनीसन..."

"भरू दे ना! चांगली गोष्ट शे. शिकेल पोर शे." नानांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "पन मी काय म्हनस, येवढी यातायात कसाले? काम मना नावे येवू दे, करशी तूच. आजलगून काय येगळं व्हतं का? तुले कधी मजुरी कमी दिधी?"

"नही नाना."

ओट्यावर उभ्या असलेल्या सपनाला सगळं ऐकू येत होतं. ती तिथूनच म्हणाली, "नाना, आम्ही भरतोय. तुम्हीही भरा. कमी दर ज्याचा, काम त्याचं."

नाना मनापासून हसले. "देखं का पितांबर? कमी दर म्हने." त्यांनी काच वर केली. खाली केली. "मिक्सर झकास रंगाडेल शे रे. लांबथून दिसस."

मंगळवारी साहेब आले नाहीत. मीटिंग होती. बुधवारी अकराला नक्की, असा निरोप आला. बुधवारी सकाळीच सपना आणि प्रशील मोटारसायकलवरून तालुक्याला गेले. साहेबांच्या गाडीला वाटेत दुसरं वळण सापडू नये म्हणून तिच्या मागे-पुढे राहणं बरं, असं सपनाचं म्हणणं होतं. शुक्रवारी टेंडरची मुदत संपत होती. पार्वताबाई भाकरी बांधून पहाटेच कामावर गेली होती. घरात फर्म होती, पण फर्मला सध्या काम नव्हतं. म्हणून पार्वताबाई शेजारच्या गावी आरोग्य उपकेंद्राच्या स्लॅबवर घमेली द्यायला जात होती. उपकेंद्राचं काम रतिलालनानांचं.

पितांबरने मिक्सर पुसलं. डिझेल पाहिलं, हँडल मारून एकदा चालवून बंद केलं. सदरा बदलला. मग सावलीत खाट टाकून, साहेबांसाठी खुर्ची वेगळी मांडून, तो बसून राहिला.

आठ वाजता नानांचा मुकादम अभिमन ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॅक्टर बंद न करताच त्याने खाली उडी मारली.

"आबा, मिक्सर दे भो. आम्हना मिक्सरना गेअर ग्या."

"आज नही रे. आज साहेब येनार शे."

"कधळ?"

"आकरा वाजता."

"मंग आते त आठ वाजनात! आर्धा स्लॅब भरी ग्या, आर्धा तसाच उघडा शे. धा लगून आनी देस, मनी जबाबदारी." अभिमनने कपाळाचा घाम बोटाने निपटून झटकला. "पार्वताअक्का बी लाइनमा उभी शे ना. बठ्ठ्या बाया ऊनमा घमेलं धरीसन उभ्या शेतस."

स्लॅबच्या दिवशी मिक्सर मागितलं तर नाही म्हणत नाहीत. हे कुठल्या अटी-शर्तींत लिहिलेलं नाही, पण इकडचे गवंडी ते पाळतात. आदल्या दिवशी एकमेकांची गचांडी धरलेली असली तरी पाळतात. ओला माल मध्येच थांबला की तिथे सांधा येतो, आणि सांधा आला की तो स्लॅब जन्मभर गळतो. गळका स्लॅब पाहून कोणी ठेकेदाराचं नाव विचारत नाही. गवंडी कोण होता, असं विचारतात.

पितांबरने मिक्सरकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. फोन खिशात होता. फोन केला असता तर सून नाही म्हणाली असती. म्हणून त्याने फोन केला नाही.

"मी बी येस," तो म्हणाला. "तुम्ही त्याले आदळशात."

मिक्सर ट्रॅक्टरला जोडलं गेलं. पितांबर मडगार्डवर बसला आणि सगळी वाट मागे वळून मिक्सरच्या चाकांकडे बघत राहिला.

उपकेंद्राच्या जागेवर खडी तापून चुन्यासारखी पांढरी दिसत होती. बांबूच्या पाडावर बायकांची रांग उभी होती, डोक्यावर चुंबळ, हातांत रिकामी घमेली. नानांचं मिक्सर एका बाजूला गप्प होतं. पितांबरने त्याच्याकडे जाऊन झाकणाला हात घातला, तेवढ्यात अभिमन ओरडला, "आबा, ते देखाले येळ नही, आपलं सुरू कर!" ओला माल वर सुकायला लागला होता. पितांबरने सदरा काढून खुंटीला अडकवला, सांध्याच्या कडेवर सिमेंटचं पाणी मारायला सांगितलं आणि हँडल मारलं.

पार्वताबाईने रांगेतूनच डोळे मोठे केले. "तुम्ही आठे कसाले? आज साहेब येनार ना?"

"धा लगून जास."

"कोनी सांगं?"

"अभिमननी."

पार्वताबाईने घमेलं पुढच्या बाईच्या हातात दिलं. बोलायला पुढचं घमेलं थांबत नव्हतं.

साडेनऊला पितांबरने विचारलं, किती राहिलं? अभिमन म्हणाला, पाच गोण्या राहिल्या. दहाला विचारलं, पाच गोण्या राहिल्या होत्या. हॉपर वर जाई, माल ओती, खाली येई. पितांबरच्या भुवयांवर, छातीवरच्या पांढऱ्या केसांवर सिमेंट बसलं. घामाने ते ओलं होई आणि उन्हाने घट्ट होई. साडेदहाला त्याने विचारलं नाही, स्वतःच जाऊन गोण्या पाहिल्या. ताडपत्रीखाली थप्पी लागली होती. वर पाहिलं तर अजून दोन गाळे उघडे होते. आता थांबवलं असतं तर दुसरा सांधा त्याच्या स्वतःच्या हाताने पडला असता.

तो परत येऊन हँडलपाशी उभा राहिला.

अकरा वाजून गेल्यावर हितेंद्रसाहेबांची गाडी वस्तीत आली, मागे प्रशीलची मोटारसायकल. अंगणात एक खाट होती, एक खुर्ची होती, आणि जिथे मिक्सर होतं तिथे तेलाचा काळा डाग आणि चाकांचे खळगे होते.

"मिक्सर उपकेंद्रवर ग्या," तानुबाईने दारातून सांगितलं. "आबा बी ग्या. अभिमन लई ग्या."

सपनाने प्रशीलकडे पाहिलं. प्रशीलने फोन लावला. मिक्सरच्या घरघरीत खुंटीवरच्या सदऱ्यात वाजणारा फोन कोणाला ऐकू जाणार होता?

"आधी स्थळ पाहणी करून घेऊ," साहेब म्हणाले. "मॅडम, इथे उभ्या राहा. गटाराच्या जागेवर. थोडं डावीकडे. अजून. तुमचं घर मध्ये येतंय."

सपना घर मध्ये येणार नाही अशी उभी राहिली. फोटो निघाला. अक्षांश आले, रेखांश आले.

"साहेब, मिक्सर तीन किलोमीटरवर आहे," ती म्हणाली. "आपण तिथे जाऊन बघू या ना. चालू स्थितीतच आहे."

"जाऊ की. मला स्लॅब बघायला जायचंच होतं."

उपकेंद्रापाशी लिंबाखाली रतिलालनाना खुर्चीत बसले होते. शेजारी दुसरी खुर्ची आधीपासून मांडलेली होती. सरबताचे ग्लास झाकून ठेवलेले होते. समोर निळं मिक्सर धडधडत होतं आणि त्यावरची पिवळी अक्षरं खरोखर लांबून दिसत होती.

"हे बघा साहेब," सपना म्हणाली. "नंबर जुळवून घ्या. चालू आहे."

"चालू आहे," साहेबांनी मान्य केलं. "पण मोकळं नाहीये ना, मॅडम."

"स्लॅबपुरतं दिलंय. मदत म्हणून."

"मदत असा कॉलम नाही." साहेबांनी सरबत घेतलं. "नाना, हे मिक्सर तुमच्या कामावर कसं?"

नाना उठले नाहीत. आवाजही चढवला नाही. साहेबांसमोर ते शहरी बोलत. "साहेब, पितांबर आपलाच माणूस आहे. पंचवीस वर्षांपासून आपल्याकडेच आहे. मी बोलावलं, तो आला. त्याचं-माझं असं काही नसतं."

साहेबांनी लिहून घेतलं. लिहिताना ते मनातल्या मनात वाचत होते आणि ओठ हलत होते.

हॉपरपाशी उभ्या असलेल्या पितांबरला सून दिसली. त्याने हातानेच तिला थांब म्हणून खूण केली, आणि यंत्राच्या आवाजावरून ओरडून सांगितलं, "पाचच गोन्या ऱ्हायन्यात, बेटा!"

त्या संध्याकाळी घरात चूल पेटली, पण भाकरी थापायला कोणी बसत नव्हतं. पार्वताबाई पाय पसरून टाचेच्या भेगांत तेल भरत होती.

"स्लॅब व्हयना, जेवणनी सुट्टी व्हयनी," ती कोणाकडे न बघता म्हणाली. "तुम्ही मिक्सर लईसन निंघी ग्यात. मंग अभिमन नाना ना मिक्सरजोडे ग्या. पाना बी नही लाया. एक हँडल मारं, आनि धडधड सुरू. पायऱ्यासना माल त्यानावरच टाका आम्ही."

प्रशील उठला. "म्हणजे गेअर गेलाच नव्हता?"

"मी काय मिस्तरी शे का? देखं ते सांगं."

"मी आत्ता जातो त्या अभिमनकडे..."

"बस खाली," सपना म्हणाली. "तिथे जाऊन काय सांगणार? तुझं मिक्सर चालू का झालं म्हणून?" मग ती पितांबरकडे वळली. तो भिंतीला टेकून हाताच्या पाठीवरचं वाळलेलं सिमेंट नखाने खरवडत होता. "आबा, मला फोन का नाही केला?"

"तू नही म्हनती."

"म्हटलंच असतं."

"मंग स्लॅब गळता."

"कोणाचा गळला असता, आबा? कोणाचा?"

पितांबरने विचार केला. "दवाखानाना," तो म्हणाला.

 सपना उठून पिठाच्या डब्याकडे गेली.

शुक्रवारी तिने लिफाफा भरला. नोंदणी, अनुभव, उलाढालीचा दाखला, शपथपत्र, सगळं चढवलं. स्थळ पाहणीचा दाखला चढवला. त्यात 'निविदाकाराने कामाच्या जागेची समक्ष पाहणी केली असून जागेची माहिती समाधानकारक आहे' असं लिहिलं होतं. यंत्रसामग्रीचा अहवालही चढवला, कारण तो न चढवता पुढचं पान उघडत नव्हतं. त्यात लिहिलं होतं: 'यंत्र दुसऱ्या कंत्राटदाराच्या कामावर गुंतलेले आढळले.'

उघडण्याच्या दिवशी तिघे पात्र ठरले. रतिलालनानांची फर्म, नानांच्या शालकाची फर्म आणि बेबाबाई ट्रेडर्स. बेबाबाई या नानांच्या पत्नी. आपण ट्रेडर्स आहोत हे त्यांना कितपत माहीत होतं ते सांगता येत नाही, पण त्यांच्याकडे दोन मिक्सर मोकळी उभी असल्याचा अहवाल होता. शालकाकडेही दोन मिक्सर मोकळी उभी होती. नानांकडे तर होतीच. सपनाने हरकतीचा अर्ज दिला. चारही बाजूंनी पाहिलं तरी मिक्सरं दोनच आहेत, असं तिने लिहिलं. आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे, असं उत्तर आलं. सम्यक कन्स्ट्रक्शन तांत्रिकदृष्ट्या अपात्र ठरली. दुसरा लिफाफा उघडला गेला नाही; त्यात सपनाने वस्तीसाठी किती कमी दर भरला होता, ते तिला आणि प्रशीललाच माहीत राहिलं.

प्रशील नरडाण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत पाळीवर लागला. मिक्सरवर ताडपत्री पडली.

मे महिन्यात नानांची गाडी पुन्हा वस्तीच्या तोंडाशी थांबली. या वेळी पितांबर लगेच उठला नाही. हॉर्न वाजला तेव्हा उठला.

"सोमवारथून सुरू करानं शे," नाना म्हणाले. "पानी पडाना पहिले गटार व्हवाले जोयजे. तू बठ्ठं तुन्या हातवर ले."

पितांबरने सुनेकडे पाहिलं नाही, पण ती ओट्यावर आहे हे त्याला माहीत होतं. "खांदा दुखस नाना."

"कवयथून?"

"व्हयनं बराच दिन."

नानांनी त्याच्या खांद्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. काच वर झाली.

सोमवारी परजिल्ह्यातले मजूर आले. अभिमन होताच. त्यांनी जेसीबीने गल्ली फाडली, दोन्ही बाजूंनी खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. पितांबर ओट्यावर बसून राहिला. संध्याकाळी पार्वताबाई कामावरून आली तरी तो तसाच बसलेला होता. तिने चहा दिला तो घेतला, स्वतःहून मागितला नाही. मजुरांनी खाली खडी अंथरली, पाट्या बांधल्या.

दुसऱ्या दिवशी सपना पाण्याची घागर घेऊन दोरीच्या कडेने चालत आली आणि चालता चालता थांबली. दोरीला उतार होता, पण उलटा. वरच्या आळीकडून येणारं पाणी नाल्याकडे न जाता पाचव्या घरापाशी उभं राहिलं असतं आणि तिथून आत शिरलं असतं. पाचवं घर तानुबाईचं, सहावं पितांबरचं. तिने घागर कमरेवर घेतली आणि घरात गेली.  सासऱ्यालाही ते दिसलेलं आहे, हे त्याच्या बसण्यावरून तिला कळत होतं. तो आता दोरीकडे पाठ करून बसला होता.

बुधवारी माल पडायचा होता. सकाळी सिमेंटच्या गोण्या उतरल्या. नानांचं मिक्सर आलं, खणखणीत. अभिमनने हँडलला हात घातला.

पितांबर उठला. आत जाऊन खुंटीवरची पारदर्शक नळी घेऊन आला, लेव्हल पाहायची. माठातल्या पाण्याने ती भरली, बोटाने ठोकून त्यातले बुडबुडे घालवले आणि गटारात उतरला.

"आबा?" अभिमन म्हणाला.

 नळीचं एक टोक पितांबरने पहिल्या खुंटीला लावलं. दुसरं टोक पाणी सांडू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरलं; ते पुढच्या खुंटीला लावायला दुसरा माणूस लागतो. परजिल्ह्यातले मजूर बिड्या ओढत बघत होते. टोक धरायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पितांबर दोन्ही टोकं धरून तसाच उभा राहिला. कोणाला हाक मारली नाही.

सपना ओट्यावर होती. तिच्या हातात तांदळाचं सूप होतं. तिने दोन-चार खडे निवडले. मग सूप खाली ठेवलं, पदर खोचला, कोनाड्यातली पेन्सिल कानावर अडकवली आणि गटारात उतरून दुसरं टोक धरलं.

"वर ले," पितांबर म्हणाला. "आजून. थोडं खाले. बस."

तिने कानावरची पेन्सिल काढून खुंटीवर खूण केली. पुढची खुंटी. त्याच्या पुढची. मजुरांना तिने हातानेच दोरी सोडायला सांगितली, आणि त्यांनी सोडली. ऊन चढत गेलं. तानुबाईच्या दारापासून नाल्यापर्यंत सगळी दोरी नव्याने ताणून झाली तेव्हा पितांबरचा सदरा पाठीला चिकटला होता आणि तो खांदा धरून उभा होता. मग अभिमनने मिक्सर सुरू केलं आणि पितांबरने थापी हातात घेतली.

सपना गटारातून वर चढली. पायाला चिखल होता.

"अभिमन," ती म्हणाली, "आमची हजेरी कुठे लागते रे?"

अभिमनला तो टोमणा वाटला नाही. त्याने मागच्या खिशातून वही काढली, पेनाचं टोपण दातांत धरलं. "लावतो ना वहिनी. आबांचं तर माहीत आहे. तुमचं काय लिहू?"

"सम्यक कन्स्ट्रक्शन. प्रोप्रायटर."

अभिमन हसला. चांगला माणूस होता तसा. त्याला लिहिताना मोठ्याने बोलायची सवय होती.

"गवंडी एक," तो म्हणाला, "बाई एक."